घटका, तास आणि मिनिट : इंग्रजी वेळेची मराठी शिकवणी

'शुक्रवार, तारीख ६ जानेवारी, सन १८३२, सकाळी साडेदहा वाजता.' ही ओळ आज कोणत्याही मराठी वाचकाला अडवणार नाही. इतकी ती सवयीची आहे की तिच्यातले शब्द किती वेगवेगळ्या घरचे आहेत हे सहसा ध्यानात येत नाही. 'शुक्रवार' संस्कृताचा. 'तारीख' आणि 'सन' अरबीतून फारसीमार्गे आलेले. 'जानेवारी' युरोपचा. 'सकाळी' या शब्दातला ईकार हा जुन्या सप्तमीचा अवशेष. 'साडे' हा 'सार्ध' या शब्दाचा प्राकृतातून झिजत आलेला वंशज. आणि 'वाजता' या रूपात तर थाळीवर पडलेला टोला अजून ऐकू येतो. मराठी माणसाचा दिवस एवढ्या भाषांच्या खांद्यांवरून चालतो.

कालवाचक शब्दांकडे साहित्याचे अभ्यासक फारसे वळत नाहीत. ते कोशकारांचे किंवा पंचांगकर्त्यांचे काम आहे, अशी एक समजूत आहे. आम्हांला मात्र असे वाटते की एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मनाला झालेला इंग्रजीचा पहिला खोल स्पर्श शेक्सपिअर किंवा मिल यांच्या आधी 'ॲट', 'ऑन', 'मंथ', 'मिनिट' अशा साध्या शब्दांमधून झाला. हे शब्द शिकणे म्हणजे नवी गणना शिकणे होते, आणि नवी गणना शिकणे म्हणजे दिवस कोठे सुरू होतो, आठवड्यात दिवस किती, उशीर कशाला म्हणावे, या प्रश्नांची नवी उत्तरे स्वीकारणे होते. या शिकवणीत मराठीने काय घेतले, काय घेतले नाही, आणि घेतलेल्याच्या मोबदल्यात आपल्या जुन्या शब्दांचे काय केले, एवढाच मर्यादित विचार येथे करावयाचा आहे.

१

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. इंग्रजी येण्यापूर्वी मराठीची कालगणना 'शुद्ध देशी' होती आणि इंग्रजीने ती बाटवली, अशी मांडणी अधूनमधून वाचनात येते. पेशवाईतील कोणताही पत्रव्यवहार उघडला की ती टिकत नाही.

त्या पत्रांवर 'छ १४ रबिलाखर, सुरू सन समान खमसैन मया व अलफ' अशा थाटाचा कालनिर्देश असतो. यातील 'छ' हे चंद्राचे, म्हणजे मुसलमानी महिन्यातील तारखेचे चिन्ह. पुढचे शब्द अरबी संख्यांचे. समान म्हणजे आठ, खमसैन म्हणजे पन्नास, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. एकक आधी, हजार शेवटी, अशी ही उलटी वाचायची बेरीज ११५८ होते. हा शुहूर सन. तो मृगाच्या सुमारास, पेरणीच्या तोंडावर बदलत असे. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणून हे वर्ष १७५७-५८ चे. महिना चांद्र हिजरीचा, वर्ष सूर्याच्या गतीचे, लिपी मोडी आणि लिहिणारा बहुधा ब्राह्मण कारकून. महसुलासाठी याशिवाय फसली सन वेगळा. धर्मकृत्यांना शालिवाहन शक आणि तिथी. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, तरी दप्तरातून शुहूर सन हटला नाही. तो पेशवाईच्या अखेरपर्यंत चालला.

दिवसाच्या आतल्या मोजमापाचीही अशीच कथा आहे. अहोरात्राच्या साठ घटका, घटकेची साठ पळे, पळाची साठ विपळे, आणि साडेसात घटकांचा एक प्रहर. आजच्या हिशेबाने घटका चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचे. घटका मोजायची ती घटिकापात्राने. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली. 'घटका भरली' हा वाक्प्रचार मुळात या वाटीचे साधे वर्णन आहे. ती भरली की टोला द्यायचा तो धातूच्या थाळीवर, आणि त्या थाळीचे नाव 'तास'. हा शब्दही फारसीतून आलेला. जुन्या उपदेशपर पदांत तास 'वाजतो' तो यामुळेच. तेथे तास ही मुदत नसून वस्तू आहे.

तेव्हा इंग्रजी आली ती एखाद्या रिकाम्या किंवा सोवळ्या घरात आली नाही. मराठी माणसाला दोन-तीन पंचांगे एकाच वेळी सांभाळण्याची सवय होती. देवाघरी एक काळ, दप्तरात दुसरा, शेतावर तिसरा. सत्तेची भाषा बदलली की दप्तरातला काळ बदलतो, हेही त्याला ठाऊक होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा दप्तरातला काळ पुन्हा बदलला. फरक एवढाच की या खेपेचा काळ दप्तरात थांबला नाही.

२

इंग्रजी शाळेत बसलेल्या पहिल्या पिढ्यांपुढे कालवाचक शब्द आले तेव्हा त्यांतले काही शब्द ओळखीचे निघाले असणार. वारांच्या बाबतीत अडचण नव्हती. 'संडे' म्हणजे सूर्याचा वार आणि रविवार म्हणजेही सूर्याचाच. 'मंडे' आणि सोमवार दोन्ही चंद्राचे. हा योगायोग नाही. सात वारांचा क्रम जेथून युरोपात गेला, तेथूनच तो भारतातही आला. दिवसाचे चोवीस भाग करायचे आणि शनि, गुरू, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने प्रत्येक भागाला एक स्वामी द्यायचा. पहिल्या भागाचा स्वामी त्या दिवसाचा स्वामी. रविवारी रवीपासून मोजत गेले की पंचविसावा भाग चंद्राकडे येतो, म्हणून रविवारनंतर सोमवार. या भागाला आपल्या ज्योतिषात 'होरा' म्हणतात. तो शब्द ग्रीक आहे, आणि इंग्रजी 'अवर' हा त्याच ग्रीक शब्दाचा लॅटिन आणि फ्रेंच मार्गाने गेलेला भाऊ. ज्या विद्यार्थ्याच्या घरी पत्रिका मांडली जात होती, त्याच्या घरी 'अवर' दीड हजार वर्षांपूर्वीच येऊन राहिला होता. फक्त त्याने संस्कृत वेष घेतला होता.

आठवड्यापाशी मात्र गाडी अडते. 'वीक' सात दिवसांचा आणि 'आठवडा' आठाचा. दिवस तेच, मोजण्याची रीत वेगळी. मराठी माणूस आजचा दिवस धरून मोजतो. या सोमवारपासून पुढचा सोमवार आठवा. म्हणून बाजार आठवड्याचा आणि 'आठ दिवसांनी ये' म्हणजे पुढल्या याच वारी ये. इंग्रजी 'फोर्टनाइट' या शब्दात चौदा रात्री दडल्या आहेत, तर आपल्या पंधरवड्यात पंधरा दिवस, आणि त्यामागे पक्षाच्या पंधरा तिथी. एक भाषा दोन टोकांमधले अंतर मोजते, दुसरी टोकेही हिशेबात धरते. कराराच्या कागदावर किंवा व्याजाच्या हिशेबात हा एका दिवसाचा फरक क्षुल्लक नसतो.

याहून मोठी अडचण 'टुडे' या शब्दाची. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. सोमवार मावळून रात्र झाली, मध्यरात्र उलटली, तीन वाजले, तरी उजाडेपर्यंत वार सोमवारच. त्या वेळी जन्मलेल्या मुलाच्या पत्रिकेत सोमवार लिहिला जातो. इंग्रजी गणनेत तेच मूल मंगळवारचे. मध्यरात्री, सगळे जग झोपलेले असताना, डोळ्यांना कोणतीही खूण दिसत नसताना दिवस बदलतो, ही कल्पना घड्याळाशिवाय शक्यच नाही. सूर्योदय सगळ्यांना दिसतो, मध्यरात्र मात्र फक्त यंत्राला दिसते. 'टुडे' आणि 'आज' हे प्रतिशब्द आहेत असे कोश सांगतो, आणि दिवसभर ते खरेही असते. मध्यरात्र ते सूर्योदय एवढ्या काळापुरते ते खरे नसते.

दिवसाच्या विभागांतही असाच बेबनाव दिसतो. इंग्रजी घड्याळ दिवसाचे दोन तुकडे करते, मध्यान्हापूर्वीचा आणि मध्यान्हानंतरचा. मराठीने ते दोन तुकडे बोलण्यात कधी घेतले नाहीत. आपण पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री असेच म्हणत राहिलो. 'पहाट' या शब्दासाठी इंग्रजीत रोजच्या वापरातला एकच शब्द सापडत नाही. 'डॉन' काव्याकडे झुकतो आणि 'अर्ली मॉर्निंग' हे नुसते वर्णन होते. उलट 'परवा' या शब्दापाशी मराठी मूल गोंधळते. आपला 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. कोणता ते क्रियापद ठरवते. इंग्रजीत त्या एका शब्दाचे दोन लांबलचक वाक्यांश होतात. काल आणि उद्या यांना मराठीने, शेजारच्या हिंदीप्रमाणे एकच शब्द न वापरता, वेगळे ठेवले, पण त्यापलीकडच्या दिवशी पोहोचल्यावर भूत आणि भविष्य यांना पुन्हा एकाच दाराने आत घेतले.

३

व्याकरणाच्या पातळीवर काय घडले ते अधिक उद्बोधक आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला 'ॲट', 'ऑन' आणि 'इन' यांचे त्रैराशिक ठाऊक असते. घटिकेला 'ॲट', वाराला 'ऑन', महिन्याला आणि वर्षाला 'इन'. हा नियम मुलांकडून घोकून घेतला जातो आणि तरी चुका होतात. त्या चुकांचे खापर सहसा मराठीवर फोडले जाते. मराठीत असा भेदच नाही, असे सांगितले जाते.

हे खरे नाही. मराठीत आपण 'पाच वाजता' म्हणतो, 'सोमवारी' म्हणतो आणि 'जानेवारीत' म्हणतो. तीन प्रकारच्या काळासाठी तीन वेगळी रूपे. घटिकेसाठी क्रियापदाचे रूप, वारासाठी जुन्या सप्तमीचा ईकार, महिन्यासाठी 'त' हा प्रत्यय. 'सोमवारात' किंवा 'जानेवारी वाजता' असे कोणताही मराठी भाषक चुकूनही म्हणणार नाही. वर्षाच्या बाबतीत तर मराठी अधिक चोखंदळ आहे. 'त्या वर्षी', '१८३२ साली', '१८३२ मध्ये' हे सारे चालते आणि प्रत्येकाची छटा निराळी. म्हणजे इंग्रजीचा भेद मराठीत आधीपासून होता, पण तो शब्दयोगी अव्ययांत नसून रूपांत विखुरलेला होता. नियम शिकवताना मुलाच्या कानात असलेला हा भेद जागा करण्याऐवजी तो नाहीच असे गृहीत धरले, तर घोकंपट्टीवाचून मार्ग राहत नाही. 'सिन्स टू डेज' ही चूक मात्र खरोखर मराठीची देणगी आहे. 'दोन दिवसांपासून' आणि 'सोमवारपासून' या दोन्हींना मराठी एकच 'पासून' लावते. इंग्रजी मात्र मुदत आणि आरंभबिंदू यांत फरक करते. तर्खडकरी पाठमालेपासून आजपर्यंत भाषांतराच्या वह्यांतून ही चूक चालत आली आहे.

अपूर्णांकांची गोष्ट याच्या उलट आहे. येथे मराठी श्रीमंत आणि इंग्रजी गरीब. 'हाफ पास्ट वन', 'हाफ पास्ट टू', 'हाफ पास्ट थ्री' ही इंग्रजीतली एकाच साच्याची नावे. मराठीत मात्र दीड, अडीच आणि मग साडेतीन. द्व्यर्ध, अर्धतृतीय, सार्ध अशी यांची संस्कृत मुळे. पावणे हा 'पादोन' आणि सव्वा हा 'सपाद'. पावणेपाच आणि 'क्वार्टर टु फाइव्ह' यांची तर्करीत एकच आहे, पण पाऊण वाजला म्हणताना मराठी बाराचे नावच घेत नाही. दुपारच्या बारानंतर गणना शून्यापासून सुरू होते आणि घड्याळाच्या तबकडीवर नसलेला अपूर्णांक एकटाच उभा राहतो. दीड 'वाजला' पण अडीच 'वाजले', हा वचनभेदही आपण न शिकता पाळतो.

नवे यंत्र आले, त्याची नवी तबकडी आली, पण तिच्यावरची वेळ वाचायला मराठीने हे जुने अपूर्णांकच वापरले. आणि ती वेळ सांगायला 'वाजणे' हे क्रियापद वापरले. इंग्रजी 'ओक्लॉक' मध्ये घड्याळाचे नाव आहे, मराठी 'वाजले' मध्ये टोल्याचा आवाज आहे. मनगटावरचे घड्याळ वाजत नाही, हातातल्या मोबाइलवरचे आकडे तर मुळीच नाहीत, तरी आपण 'किती वाजले?' असेच विचारतो.

'तास' या शब्दाने याच काळात तीन जन्म घेतले. थाळी हा पहिला. अडीच घटकांच्या इंग्रजी 'अवर'चा प्रतिशब्द हा दुसरा. आणि शाळेत 'पिरियड'साठी रूढ झालेला तिसरा. गणिताचा तास, इतिहासाचा तास, आणि शिक्षक न आल्यास 'ऑफ तास'. शाळेची घंटा वाजली की हे तिन्ही अर्थ क्षणभर एकत्र येतात.

मिनिट आणि सेकंद यांच्यासाठी मात्र मराठीने प्रतिशब्द शोधले नाहीत. पळ हाताशी होते, पण त्याचे माप जुळत नव्हते. चोवीस मिनिटांच्या घटकेला तासात बसवण्यापेक्षा नवे माप नव्या नावानेच घेणे सोपे होते. महिन्यांचेही तसेच. तेथे चैत्राला 'एप्रिल' म्हणता येत नाही, कारण दोघांच्या सीमा जुळत नाहीत. मराठीने 'जॅन्युअरी'चा जानेवारी आणि 'जुलाय'चा जुलै केला. गोव्यात कोंकणीने पोर्तुगिजांकडून घेतलेले जानेर आणि फेब्रेर वेगळे राहिले. सह्याद्रीच्या पश्चिमेला थोड्या मैलांत वर्षाचा पहिला महिना दोन साम्राज्यांची दोन नावे सांगतो.

४

हे शब्द शाळेतून समाजात आले ते प्रामुख्याने दोन वाटांनी, छापखान्याच्या आणि आगगाडीच्या.

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी अशी त्याची रचना होती. दोन भाषांतला काळ एकाच पानावर शेजारी शेजारी बसण्याचा तो आरंभ. 'दर्पण' प्रथम पाक्षिक होते, ४ मे १८३२ पासून साप्ताहिक झाले. १८४० साली जांभेकरांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढले. येथे नियतकालिकांच्या नावांकडे लक्ष वेधावेसे वाटते. साप्ताहिक, पाक्षिक, मासिक, वार्षिक हे शब्द संस्कृताचे, पण अर्थ इंग्रजी. 'मासिक' म्हणजे एरवी मृताच्या पहिल्या वर्षात दर महिन्याला करावयाचे श्राद्ध. तोच शब्द ज्ञानप्रसाराच्या छापील अंकाला लागला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, मोल्सवर्थ-कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. या दोन टोकांच्या मध्ये मराठी गद्य नियतकाल होत गेले. पुढे चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ पासून महिन्याच्या हिशेबाने आणि हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून आठवड्याच्या हिशेबाने वाचकाकडे जाऊ लागल्या. 'पुढील अंकी' हा एक नवा वाङ्मयीन काळ होता. कीर्तनकार 'उत्तररंग आता' म्हणून पुढे जाई, कादंबरीकाराला मात्र वाचकाला सात दिवस थांबवून ठेवावे लागे.

दुसरी वाट लोहमार्गाची. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीन वाजता बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली गाडी सुटली. तिथी पाहून माणूस प्रवासाला निघू शकतो, आगगाडी निघू शकत नाही. 'लेट' हा शब्द आज खेड्यातही कोणाला समजावून द्यावा लागत नाही. 'उशीर' आपल्याकडे होताच, पण उशीर होतो तो माणसाला. 'लेट' मात्र वेळापत्रकाच्या मानाने असतो, आणि तो मिनिटांत मोजता येतो.

वेळापत्रकापाठोपाठ प्रश्न आला तो कोणाच्या घड्याळाचा. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत होती आणि ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मुंबईच्या सरकारी कामकाजाला मद्रासची वेळ लावण्याचा प्रयत्न केला. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरील घड्याळाने मद्रासची वेळ दाखवली तरच त्याच्या दिव्यांचा खर्च देऊ, इथपर्यंत वाद गेला. विद्यापीठ बधले नाही आणि १८८३ मध्ये सरकारने माघार घेतली. १ जानेवारी १९०६ पासून ५ तास ३० मिनिटांची 'स्टँडर्ड टाइम' आली. म्हणजे मुंबईचे घड्याळ ३९ मिनिटे पुढे गेले. कागदावर हा आकडा निरुपद्रवी दिसतो. परंतु गिरणीची वेळ तीच ठेवली की कामगाराला सूर्याच्या मानाने ३९ मिनिटे आधी उठून अंधारात भोंग्याकडे धावावे लागते. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी याविरुद्ध निदर्शने केली. मुंबई महापालिका तर १९५५ पर्यंत आपल्या घड्याळांवर मुंबईचीच वेळ राखून होती. एका शहरात दोन वेळा पन्नास वर्षे नांदल्या, आणि नागरिक भेटीची वेळ ठरवताना 'बाँबे टाइम की स्टँडर्ड?' असे विचारत राहिले.

इंग्रजी काळाचा उपयोग फक्त राज्यकर्त्यांनीच केला असे नव्हे. कामाचे तास मोजता येऊ लागले, म्हणून ते कमी करा असे म्हणता येऊ लागले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. रविवार हा चर्चचा वार, तसाच तो खंडोबाचाही वार. 'उगवतीपासून मावळतीपर्यंत' या जुन्या मापात तक्रारीला जागा नव्हती, कारण सूर्याशी भांडता येत नाही. तासांच्या मापात ती जागा निर्माण झाली.

५

साहित्य आणि इतिहास शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने या साऱ्यातला कळीचा मुद्दा आता मांडायला हवा. शब्दांच्या जोड्या लावून काळाचे भाषांतर पुरे होत नाही, आणि ते पुरे झाले असे मानले की आपले वाचन बिघडते.

शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तारीख १९ फेब्रुवारी १६३०. ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. आज आपण जी ग्रेगरियन पद्धती वापरतो, तिच्या हिशेबाने तोच दिवस १ मार्च १६३० येतो. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हाही जुन्याच पद्धतीचा, नव्या पद्धतीने १६ जून. रायगडावर त्या सोहळ्याला हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन ज्या देशातून आला होता, त्या देशाने नवी पद्धती स्वीकारली १७५२ मध्ये. २ सप्टेंबरनंतर तेथे एकदम १४ सप्टेंबर उजाडला. पोर्तुगिजांनी ती १५८२ मध्येच स्वीकारली होती. म्हणून सतराव्या शतकात पणजीच्या बाजूचे पत्र आणि मुंबईच्या वखारीतले पत्र एकाच दिवशी लिहिलेले असले तरी त्यांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर पडते. मुंबईने तर १६६५ मध्ये पोर्तुगिजांकडून इंग्रजांकडे जाताना कागदावर हे दहा दिवस मागे जाऊन पुन्हा जगले. जयंती तिथीने की तारखेने, हा आपल्याकडील वाद 'देशी की विदेशी' असा मांडला जातो. पण त्यातली 'तारीख' नेमकी कोणत्या पंचांगाची, हा प्रश्न दोन्ही बाजू क्वचितच विचारतात.

शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे सूत्र शाळेत शिकवले जाते. ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच खरे. जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. माघ-फाल्गुनात लिहिल्या गेलेल्या ग्रंथाचे वर्ष ७८ मिळवून सांगितले की तो ग्रंथ एक वर्षाने जुना होतो, आणि मग कोण कोणाच्या आधी, कोणी कोणाचे घेतले, यावर वाद होतात. ही गुंतागुंत ओळखून बाळाजी प्रभाकर मोडक यांनी १७२८ ते १८८९ या काळाची जंत्री तयार केली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' सिद्ध केले आणि त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह भारतीय पंचांगावरचा इंग्रजी ग्रंथही. कोकणातल्या मुरुडचा हा शिक्षक दोन्ही काळ आतून जाणत होता. त्याला एकाची दुसऱ्यावर सरशी करायची नव्हती, एकातून दुसऱ्यात जाण्याची भरवशाची वाट हवी होती. आज मराठीच्या पदव्युत्तर वर्गात बखर किंवा पत्र वाचताना संपादकाने कंसात दिलेल्या इसवी सनावर विद्यार्थ्याची नजर थेट जाते आणि 'समान खमसैन' हे शब्द जणू नक्षी म्हणून उरतात. आम्हांला हे नुकसान वाटते. त्या शब्दांत तो लेखक कोणाच्या दप्तरात बसून, कोणत्या ऋतूच्या हिशेबाने जगत होता ते आहे. कंसातला आकडा ते सांगत नाही.

६

आता शेवटचा प्रश्न. मोजण्याचे काम मिनिटांनी आणि तासांनी घेतले, मग घटका-पळे गेली कोठे?

ती भाषेतून गेली नाहीत. ती मापातून सुटली आणि मनाकडे आली. 'घटकाभर बस' म्हणताना कोणी चोवीस मिनिटे मोजत नाही. 'पळभर' म्हणजे चोवीस सेकंद नव्हेत. 'घटका भरत आली', 'शेवटची घटका', 'घटका मोजणे' हे वाक्प्रचार आता मृत्यूचे आणि प्रतीक्षेचे आहेत. प्रहर रात्रीचा असतो, रागाचा असतो, पहाऱ्याचा असतो, नोकरीचा नसतो. आधुनिक मराठी कवितेला जे हळवे कालवाचक शब्द मिळाले, ते घड्याळाने त्यांना कामावरून मोकळे केल्यामुळे मिळाले, असे म्हणणे फारसे चूक ठरणार नाही. घटिकापात्र जोवर घंगाळात तरंगत होते, तोवर घटका हा हिशेबी शब्द होता.

आणि गंमत अशी की नव्या शब्दांनीही तीच वाट धरली आहे. 'एक मिनिट थांब' यातला मिनिट साठ सेकंदांचा नाही, 'दोन मिनिटांत आलो' यातले तर नाहीच. भाषाशुद्धीच्या चळवळीने 'तारीख' बाजूला सारून 'दिनांक' दिला. तो अर्जांवर आणि शासकीय पत्रांवर बसला, पण कोर्टात अजूनही 'तारीख' पडते आणि तिच्यातला सारा कंटाळा त्या जुन्या शब्दातच मुरला आहे. २२ मार्च १९५७ पासून भारताचे अधिकृत राष्ट्रीय पंचांग शकावर आधारलेले आहे. ते राजपत्रावर छापले जाते, घरात मात्र भिंतीवर तारखेच्या मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरांत तिथी असते. १९७३ पासून घरोघरी पोहोचलेल्या 'कालनिर्णय'चे यश या एकाच चौकोनात दोन काळ मांडण्यात आहे. पेशव्यांचा कारकून तिथी आणि 'छ' दोन्ही सांभाळत होता, त्याच परंपरेतले हे घर.

इंग्रजीचे 'टाइम' आणि 'पास' हे दोन शब्द जोडून आपण 'टाइमपास' केला. ज्या भाषेने आपल्याला वेळ वाया घालवू नये असे शिकवले, तिच्याच शब्दांतून वेळ आनंदाने वाया घालवण्याला आपण नाव दिले. शिकवणीची फी अशी वसूल झाली. आता विद्यार्थ्याला 'ॲट, ऑन, इन' शिकवताना त्याच्या तोंडी आधीच असलेले 'वाजता, सोमवारी, जानेवारीत' त्याला दाखवावेत, आणि जुने पत्र वाचायला देताना कंसातला आकडा काही काळ झाकून ठेवावा. या दोन्ही गोष्टींना फार तर घटकाभर लागेल.